संपले म्हणायचं राहून गेलं

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल. ती मला स्वतःला पटू नये म्हणून मी वर्षभर खटपट केली. जमलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की वाचणारा आधी रात्र शोधतो. इथं रात्र नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. गुरुवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

जागा... जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. कुंभार पिंपळगावपासून सात किलोमीटर आत आमचं गाव. नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात, आणि ती आधीच पुष्कळ कॅमेरे बघून बसली आहेत.

मी कल्याण. जालन्यात बियाणांच्या दुकानात कामाला आहे. त्या दिवशी सुट्टी काढून गावी आलो होतो.

सलग सांगायला बसलो की माझा हात थांबतो. म्हणून एकेक दगड उचलून ठेवावा तसं सांगतो. मध्ये तुटलं तर तुटू द्या.

दगड पहिला

आमच्याकडं घरावर पत्रे आणि पत्र्यांवर दगड.

वारं सुटलं की दगड वाढवायचे. हे दोन माणसांचं काम. एक वर, एक खाली शिडीपाशी. वरचा पत्र्याच्या कडेला उकिडवा बसतो. नजर वाऱ्यावर ठेवतो, खाली बघत नाही. दोन्ही हात मात्र खाली सोडतो आणि म्हणतो, "दे."

खालचा त्या हातांत दगड ठेवतो. म्हणतो, "घे."

दे. घे. दे. घे.

ढीग संपला की खालच्यानं म्हणायचं, "संपले."

हा शब्द कानावर आल्याशिवाय वरचा उतरत नाही. खालचा दगड वर करतोय आणि वरचा पाय खाली टाकतोय, असं होऊन कुणाचं तरी डोकं फुटलं होतं म्हणे, आमच्या पणज्याच्या काळात. तेव्हापासूनची ही रीत. पोरं चालायला लागली की त्यांनाही माहीत असते. वर माणूस असेल तर संपले म्हणायचं. मगच शिडी सोडायची.

त्या गुरुवारी वर होते भिवातात्या, माझे धाकटे चुलते.

खाली मी होतो.

दगड दुसरा

टीव्हीवाले त्याला चक्रीवादळ म्हणाले. पंचनाम्यात 'वादळी वारे' असं लिहिलंय. गावात त्याला 'सोंड' म्हणतात.

ढगातून ती खाली आली. काळी. मुळाशी जाड, टोकाला बारीक. जमिनीला टेकली, आणि टेकली त्या ठिकाणाहून माती वर जायला लागली.

सहा मिनिटं. बस्स.

सहा मिनिटांत नव्वद घरांची डोकी उडाली. चार माणसं गेली. त्यातली दोन तर उडालेल्या दगडांनी गेली. पत्रे दाबून ठेवायला आपणच ठेवलेले दगड.

त्या वर्षी गणपतीला गावात मूर्ती बसली नाही. मंडळाच्या पोरांनी पाटावर सुपारी मांडली आणि तिचीच आरती केली. कुणी कारण विचारलं नाही. सोंड बघायची कुणाची तयारी नव्हती, एवढंच.

वादळानंतरचे आठ दिवस शाळेच्या मैदानात पत्र्यांचा बाजार होता. पाच-पाच किलोमीटरवरच्या उसातून लोक पत्रे ओढून आणत आणि मैदानात टाकत. मग ज्याचं त्यानं ओळखायचं. कुणी खिळ्याच्या भोकांवरून, कुणी रंगाच्या रेघेवरून. शेजारच्या चतुराबाईनं एका पत्र्याच्या काजळीवर हात ठेवला आणि म्हणाली, हा माझ्या चुलीचा धूर आहे. कुणी वाद घातला नाही.

हसायलाही लोक विसरले नव्हते. माझे मोठे चुलते कडूबाआबा यांचा कूलर मारुतीच्या देवळावर जाऊन बसला होता. गावातला पुंजाराम म्हणाला, "आबा, देवालाबी गरमी व्हतीच की. राहू द्या आता तिथंच." आबा स्वतः हसले. हसता हसता त्यांचा आवाज मधेच तुटला.

कारण चार माणसं गेली आणि सापडली तिघंच.

भिवातात्या सापडले नाहीत.

विहिरी बघितल्या. ऊस बघितला. गोदावरीपर्यंत माणसं जाऊन आली. त्यांच्या घराचे अकरा पत्रे होते, त्यातले नऊ मिळाले. तात्यांचं काहीच मिळालं नाही. फक्त चपला. शिडीपाशी काढून ठेवलेल्या होत्या, तशाच. एवढ्या वाऱ्यात... हललेल्यासुद्धा नव्हत्या.

पंचनाम्यात माझा जबाब आहे. "मी खाली उभा होतो. दगड संपले असे मी सांगितले. ते उतरत असतानाच वाऱ्याने ओढले." खाली माझी सही.

त्यातलं मधलं वाक्य खोटं आहे.

दगड तिसरा

जूनमध्ये ग्रामसभा झाली. ठरलं, की यापुढं गावात एकाही घरावर दगड ठेवायचा नाही. मंठ्याच्या शिवनारायण सेठनी नवे पत्रे पाठवले, सोबत लोखंडी आकडे. आकड्यांनी पत्रा पाइपाला कसायचा, मग दगड कशाला? गावानं आपापले दगड आणून शाळेमागं टाकले. माणसाच्या उंचीचा ढीग झाला. त्यातले दोन दगड बायकांनी धुऊन टाकले होते.

सुरेखाकाकूच्या, म्हणजे भिवातात्यांच्या बायकोच्या घरावर जुलैत पत्रे चढले. भिंती शाबूत होत्या. काकूला मूलबाळ नाही. ती एकटीच राहायला गेली.

पंधरा दिवसांनी तिच्या पत्र्यावर एक दगड दिसला.

पोरांचं काम असेल, असं सगळे म्हणाले. पुंजारामनं चढून काढला.

दुसऱ्या दिवशी दोन.

काढले.

तिसऱ्या दिवशी... पाच.

चतुराबाईचं घर समोरच. तिनं मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती कुजबुजत होती. रात्री काही होत नाही, म्हणाली. रात्री घर गपगार असतं. होतं ते दुपारी. चार वाजून गेले की आधी कोंबड्या गप्प होतात. मग पत्र्यावर... धप्प. मग घासल्याचा आवाज. कुणीतरी उकिडवं बसून पुढं सरकावं तसा.

"अन् दिसतं काय?" मी विचारलं.

"काहीच न्हाई दिसत रे बाबा. दिसलं असतं तर बरं झालं असतं."

शाळेमागचा ढीग तेवढा कमी होत होता.

गावाला आधी काकूचाच संशय आला. दुःखानं डोकं फिरलंय, तीच वाहून नेते. मग एक दिवस चार बाया तिच्या घरात जाऊन बसल्या. काकू त्यांच्यासमोर डाळ निवडत होती. चार वाजून दहा मिनिटांनी डोक्यावर पहिला आवाज झाला. बाया दाराकडं पळाल्या. काकू डाळ निवडत राहिली.

तिनं मान वर केली नाही. नुसती म्हणाली, "हळू ठेवा जी. नवे हायेत पत्रे."

*

पितृपक्षात कडूबाआबांनी ठरवलं, की भिवाचं करून टाकायचं. माणूस मिळालाच नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. त्याला धोतर नेसवतात, नाव घेतात आणि अग्नी देतात.

काकू गोदावरीवर गेली नाही. कपाळ पुसलं नाही. आबांना दारातूनच म्हणाली, "माणूस वर बसेल हाये अन् तुम्ही पानं जाळून राह्यलात."

पुतळा जळाला. पिंड ठेवले. लोक संध्याकाळपर्यंत बसले.

कावळा शिवला नाही.

आबांनी हात जोडून सगळं कबूल केलं. सुरेखाला अंतर देणार नाही. तुझं शेत पडीक ठेवणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर होते. बघत होते. उतरत नव्हते.

तात्यांना काय हवंय हे तिथं एकालाच माहीत होतं. मी मान खाली घालून वाळूत रेघा ओढत होतो.

दुसऱ्या दिवशी काकूच्या पत्र्यावर एकदम सतरा दगड होते.

दगड अकरावा

आता हे सांगतो.

.

मी दहा दिले होते. दहाव्याला "घे" म्हणालो तेव्हा माझ्या पाठीमागं उजेड गेला. भर दुपारी दिवा घालवल्यासारखा. वळून बघितलं... सोंड पाझर तलावापाशी होती. तलावातलं पाणी उभं राहिलं होतं.

अकरावा दगड माझ्या हातात होता.

वरून तात्यांचे हात खाली आले.

"दे."

मी दगड खाली टाकला. शिडी सोडली. आबांचं स्लॅबचं घर पन्नास पावलांवर आहे, तिकडं पळालो.

एक शब्द. पळता पळतासुद्धा ओरडता आला असता. तात्यांना उतरायला पाच पायऱ्या होत्या. आतल्या खोलीत पोचले असते. काकू आत लोखंडी खाटेखाली होती, ती वाचलीच ना.

आबांच्या खिडकीतून मी बघितलं. तात्या तसेच उकिडवे. तोंड वाऱ्याकडं. त्यांना सोंड दिसत होती. दिसत असूनही ते उतरले नाहीत, कारण खाली मी आहे, माझ्या हातात दगड आहे, असं त्यांना वाटत होतं.

दोन्ही हात खाली सोडलेले.

मग पत्रे वळले, कागद वळतो तसे, आणि तिथं कुणी नव्हतं.

बाकीचे

दिवाळीनंतर आबांचा फोन आला. काकूच्या घराचा मधला पाइप वाकलाय. आता लोक दगड काढायलाही चढत नाहीत, पुंजारामला वर कुणीतरी बाजूला सरकल्यासारखं वाटलं, तेव्हापासून. सदतीस दगड आहेत. एखाद्या दिवशी सगळं तिच्या अंगावर येईल. ती घर सोडत नाही. तू ये, तुझं ऐकते ती. तिला जालन्याला घेऊन जा.

मी गेलो. मुद्दाम सकाळी निघालो, म्हणजे चारच्या आत तिला घेऊन निघता येईल.

निघता आलं नाही. काकूनं आधी जेवायला घातलं. मग चहा. मग म्हणाली, बस जरा. चपला तशाच शिडीपाशी होत्या. ती रोज त्यांच्यावरची धूळ पुसत असावी.

छत खरंच खाली आलं होतं. मधला पाइप धनुष्यासारखा. आमच्या डोक्यांच्या बरोबर वर. मी तेच सांगत होतो. जालन्यात खोली आहे, स्लॅब आहे, तुला काही कमी पडणार नाही.

ती ऐकत होती. मग तिनं शांतपणे विचारलं, "कल्याण, तू त्या दिशी संपले म्हणला व्हता का?"

मी चहाचा रिकामा कप उचलून परत खाली ठेवला.

"मी आतमधी व्हते. दहा येळा 'घे' ऐकलं. मंग नुस्तं 'दे'. तीनदा म्हणले ते. दे... दे... दे. मंग वारं आलं."

"काकू..."

"तुला बोल लावत न्हाई मी. पोटच्या पोरालाबी भ्याव वाटतं. पण ते अजून वरच हायेत ना रे. रोज चढतेत. खाली कोणी न्हाई म्हणून सोताच दगड आणतेत. थकले असतील."

मी घड्याळ बघितलं.

चार वाजून आठ.

बाहेर कोंबड्या बोलत होत्या. बोलता बोलता... थांबल्या.

काकूनं माझा दंड धरला. तिच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. मला शिडीपाशी उभं केलं. समोर चतुराबाईचं दार लागलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला.

वारं नव्हतं. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

धप्प.

पत्रा थोडा दबला. माझ्या डोळ्यांसमोर दबला.

मग घासत घासत काहीतरी कडेपर्यंत आलं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर येऊन थांबलं. मी वर बघितलं नाही. पण कपाळावर गार वाटत होतं, पाण्याची घागर जवळ धरल्यासारखं. कुणाचे तरी तळहात तिथं असावेत, असं.

वरून आवाज आला नाही. खरं सांगतो, आला नाही. तरी मला कळलं की माझ्याकडं काहीतरी मागितलंय.

काकू मागून म्हणाली, "म्हण."

मला वाटलं, हा शब्द म्हटला की ते सुटतील. कावळा शिवेल. जन्मभर छातीवर वागवायचा दगड खाली उतरेल. मी स्वतःसाठीच म्हणालो, हे लपवत नाही.

"संपले, तात्या. उतरा."

कपाळावरचं गार गेलं.

काही क्षण काहीच नाही.

मग शिडी... वाजली.

वरची पायरी. तिच्या खालची. लाकूड वजनानं करकरतं तसं. तिसरी. चौथी. मी डोळे मिटून घेतले. पाचव्या पायरीला शिडी माझ्या खांद्याला टेकली, जड माणूस उतरताना टेकते तशी. मग मोकळी होऊन मागं गेली.

डोळे उघडले तेव्हा अंगणात मी एकटाच.

काकू घरात गेली होती. आतून तांब्याचा आवाज येत होता.

शिडीपाशी चपला नव्हत्या.

त्या उंबऱ्यापाशी होत्या. बाहेरून आलेल्या माणसानं काढून ठेवाव्यात तशा. टाचा माझ्याकडं.

संपले

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं चार माणसं घेऊन सदतीस दगड उतरवले. परत एकही दगड आला नाही. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. चार वाजता कोंबड्या बोलतात. पोरं मैदानात खेळतात. आबा म्हणाले, भिवा मार्गी लागला.

मी त्यांना चपलांचं सांगितलं नाही.

काकू आता कुणाच्या घरी जात नाही. चतुराबाई म्हणते, ती खुशीत असते. दळण डबल नेते. अंगणात दोन माणसांच्या अंघोळीचं पाणी तापतं. आणि दार कधीच पूर्ण उघडत नाही. अर्धं उघडून त्या फटीत स्वतः उभी राहते.

मी त्यांना सोडवायला तो शब्द म्हणालो होतो आणि तिनं त्याच शब्दानं त्यांना खाली, घरात बोलावून घेतलं होतं. मार्ग कुठला लागला असेल तर घराचा लागला.

पण जे उतरलं ते तात्याच होते का? सहा महिने मी हेच स्वतःला विचारतोय. पळसाच्या पानांना त्यांचं नाव देऊन आम्ही जाळलं होतं. मग त्या नावाचं उतरलं कोण?

हे सगळं मी लिहिलं नसतं. आज लिहितोय, कारण परत मे आलाय. आज गुरुवार आहे. आणि सकाळी काकूचा फोन आला होता.

आवाज अगदी रोजचा. म्हणाली, कल्याण, हवा बरी न्हाई आज. घामानं जीव चाललाय. तलावाकडं आभाळ भरून राह्यलंय.

मी म्हणालो, काकू, आकडे कसलेत ना, काही होत नाही.

ती म्हणाली, "मी बी तेच म्हणले. पण त्यांचा आकड्यावर भरोसा न्हाई. दगड ठेवायचे म्हणून राह्यलेत. चार वाजता चढतो म्हणले."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

मग तिनं फोन तोंडापासून लांब धरला. कुणाला तरी काहीतरी विचारलं. उत्तर ऐकत थांबली. मला काही ऐकू आलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा... मधेच अडल्यासारखा झाला.

"ते विचारून राह्यलेत," काकू म्हणाली, "खाली तू उभा राहतो का? या बारीला पळायचं न्हाई म्हणले."

आता दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. जालन्याहून गावाला दीड तास लागतो. गाडीची किल्ली समोर आहे.

आबांना फोन लावला, लागत नाही. चतुराबाईचा लागला. ती एवढंच म्हणाली, की शिडी भिंतीला लागलीय. कुणी लावली ते तिनं बघितलं नाही.

दुकानाबाहेर धूळ उडायला लागली आहे. हवेत भाजलेल्या मातीचा वास आहे. मागच्या वर्षीही होता.

मी नाही गेलो तर शिडीखाली काकू उभी राहील.